पाचव्या कोर्सआधी : प्रोस्टेटच्या सुजेबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लघवीच्या जंतुसंसर्गावर लिहिलं, आणि टपालात आली ती बहुतेक प्रोस्टेटच्या सुजेची पत्रं. निम्म्या पत्रांवर नाव नाही, उरलेल्यांवर ‘कृपया नाव छापू नये’ हे अधोरेखित. युरॉलॉजीच्या ओपीडीत बसणाऱ्या बाईला याची सवय असते. पुरुष पेशंट आधी पाठदुखी सांगतो, मग ॲसिडिटी, आणि निघताना दार अर्धं उघडून म्हणतो, “मॅडम, अजून एक होतं.” ते ‘अजून एक’ हेच येण्याचं खरं कारण. पत्रांत मात्र सगळे सरळ मुद्द्यावर आलेत. नावं गाळून आणि पत्रं थोडी आटोपशीर करून उत्तरं देते.

प्रश्न : माझं वय ३४. काम बैठं, दिवसाचे नऊ-दहा तास कॉम्प्युटरसमोर. आठ महिन्यांपासून अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखतं, कधी लिंगाच्या टोकाशी जळजळ होते. संबंधानंतर दुखणं वाढतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं. ताप कधीच आला नाही. लघवीच्या तिन्ही कल्चर (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये जंतू सापडले नाहीत. सोनोग्राफीत ‘प्रोस्टेटमध्ये कॅल्सिफिकेशन, प्रोस्टेटायटिसची शक्यता’ असं लिहिलंय. अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. प्रत्येक वेळी दहा-पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता सहा आठवड्यांचा पाचवा कोर्स सांगितलाय. घेऊ का? आणि हे बरं होणार की नाही?

उत्तर : थांबा. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्यांना आधी एकच विचारा, “कोणत्या जंतूसाठी?” तिन्ही रिपोर्टमध्ये जंतू नाहीत, ताप नाही, मग सहा आठवडे आपण कोणाला मारतोय हे पेशंटला कळायलाच हवं. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या डॉक्टरला तो आवडतो.

प्रोस्टेट ही जेमतेम २० ग्रॅमची ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली, लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. वीर्यातल्या द्रवाचा पाव ते एक तृतीयांश भाग तीच बनवते. तिच्या सुजेचे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (१९९५ ची बैठक, जगभर आजही तीच मांडणी चालते) चार प्रकार केले. पहिला अचानक येणारा, थंडी-ताप घेऊन. दुसरा जुनाट पण जंतूंमुळेच होणारा. यात लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा होतो आणि दर वेळी कल्चरमध्ये तोच जंतू सापडतो. तिसरा म्हणजे ओटीपोटाच्या तळाचं जुनाट दुखणं, ज्यात मागच्या सहा महिन्यांतले किमान तीन महिने दुखतं पण जंतू मिळत नाहीत. चौथ्यात काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत सूज दिसते आणि तिला हातही लावायचा नसतो.

आता गंमत बघा. ‘प्रोस्टेटायटिस’, म्हणजे प्रोस्टेटची सूज, हा शिक्का बसलेल्या पुरुषांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तिसऱ्या प्रकारातले असतात. आणि उपचार मात्र सरसकट पहिल्या दोन प्रकारांचे चालतात. तुमचं पत्र वाचून मला तुम्ही तिसऱ्यातले वाटता. हाताने तपासल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही, पण वीर्यस्खलनानंतर वाढणारं दुखणं ही या प्रकाराची फार बोलकी खूण आहे.

मग गोळ्या घेतल्यावर पंधरा दिवस बरं का वाटतं? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तोच तुम्हाला पाचव्या कोर्सकडे ओढतोय. एक तर या दुखण्याला स्वतःची भरती-ओहोटी असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं टोकाला असताना, त्यानंतर ते आपसूकही उतरतं. दुसरं, अँटिबायोटिकच्या जोडीला बहुतेक वेळा सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी दिलेली असते. तिसरं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या कुळातल्या औषधांना थोडाफार सूज कमी करण्याचाही गुण आहे. म्हणजे जंतू नसतानाही बरं वाटू शकतं. २००४ साली उत्तर अमेरिकेतली, अशाच १९६ जुन्या पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवडे कोणाला सिप्रोफ्लॉक्सॅसिन, कोणाला टॅमसुलोसिन (लघवीची वाट सैल करणारी गोळी), कोणाला दोन्ही, कोणाला नुसत्या पिठाच्या गोळ्या. शेवटी चारही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

आणि ही औषधं फुकट पचत नाहीत. या कुळातल्या गोळ्यांनी टाचेमागची जाड कंडरा दुखावते, क्वचित तुटते. त्यासाठी २००८ पासून अमेरिकेत या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापावा लागतो. पायाला मुंग्या, झोप उडणं, साखर वरखाली होणं हेही होतं. नव्या पेशंटला, दुखणं सुरू होऊन थोडेच दिवस झालेले असताना, एक कोर्स देऊन पाहायला माझी हरकत नसते. चार कोर्स फसल्यावर पाचवा लिहिणं म्हणजे, स्पष्टच बोलते, विचार करायचा कंटाळा.

सोनोग्राफीतल्या त्या ओळीने घाबरू नका. प्रोस्टेटमधले चुन्याचे ठिपके वयाबरोबर कित्येक पुरुषांत दिसतात, दुखणारे आणि न दुखणारे दोघांतही. ते काढायचे नसतात. आणि प्रोस्टेटायटिसचं निदान नुसत्या सोनोग्राफीवरून होत नाही. तीच गोष्ट वीर्याच्या कल्चरची. नळीच्या तोंडाशी एरवीही राहणारे जंतू त्यात येतात आणि रिपोर्टवर भलंमोठं नाव छापून येतं. जंतू खरंच प्रोस्टेटमध्ये आहेत का हे बघायचं तर प्रोस्टेटवर हलका दाब देण्याआधीची लघवी आणि दाब दिल्यानंतरची लघवी, अशा दोन बाटल्या तपासायच्या. मूळ पद्धत चार बाटल्यांची, १९६८ ची. दोन बाटल्यांवर काम भागतं, तरी कोणी करत नाही, कारण त्यासाठी बोटाने तपासावं लागतं.

त्या तपासणीबद्दल सांगून टाकते, कारण अर्ध्या पत्रांमध्ये तिचीच भीती आहे. तुम्ही डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपता. हातमोजा, भरपूर जेली, एक बोट. बोट आत जाताना तोंडाने श्वास सोडायचा, म्हणजे आवळलं जात नाही. एक-दोन मिनिटांचं काम. मी प्रोस्टेट चाचपते, आणि मग बोट बाजूला वळवून दोन्हीकडचे स्नायू दाबते. तुमच्यासारख्या पेशंटमध्ये पुष्कळदा प्रोस्टेट मऊ, शांत असते आणि बाजूच्या स्नायूवर बोट टेकताच माणूस दचकून म्हणतो, “हेच! हेच ते दुखणं!” आठ महिने प्रोस्टेटच्या नावाने खर्च झाला आणि दुखणं स्नायूत होतं. मूत्राशय, प्रोस्टेट, गुदाशय या सगळ्यांना खालून झोळीसारखं तोलून धरणारे हे स्नायू तासन्‌तास बसून, लघवी दाबून, ताणात राहून आवळून बसतात. त्यांची कळ लिंगाच्या टोकाशी, अंडकोशात, जांघेत, माकडहाडाशी अशी कुठेही उमटते.

म्हणून उपचार एका गोळीचा नसतो. माझ्याकडे तुम्ही आलात तर आधी एक प्रश्नावली भरून घेईन. दुखणं, लघवी आणि रोजच्या जगण्यावर झालेला परिणाम, यांचे मिळून ० ते ४३ गुण. सहा गुण उतरले तरी फरक पडला असं धरतो. हे गुण लिहून ठेवल्याचा मोठा फायदा असा की वाईट दिवशी ‘काहीच फरक नाही’ असं वाटतं तेव्हा कागद खरं सांगतो. मग तुमच्यात काय-काय आहे ते बघायचं. लघवीला धार बारीक, सुरू व्हायला वेळ लागतो? टॅमसुलोसिनसारखी गोळी काही आठवडे. (ती रात्री घ्या, झटकन उठलात तर चक्कर येते. वीर्य कमी आल्यासारखं किंवा न आल्यासारखं वाटेल, गोळी थांबली की पूर्ववत होतं.) स्नायू दुखतात? ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट. जळजळ, टोचणी, झोप नाही? अमिट्रिप्टिलिनसारखं औषध रात्री अगदी कमी मात्रेत. ते ‘डिप्रेशनची गोळी’ म्हणून पेशंट नाकारतात, पण या मात्रेत ते मज्जातंतूंची कळ शांत करायला दिलेलं असतं. फुलांच्या परागकणांचा अर्क आणि क्वेरसेटिन (वनस्पतींत मिळणारा एक घटक) यांच्या छोट्या चाचण्या चांगल्या निघाल्यात, फार काही बिघडवत नाहीत, मी काहींना देते. ॲक्युपंक्चरवर मी पूर्वी नाक मुरडत असे. २०२१ मध्ये चीनमधल्या ४४० पुरुषांवरची नीट केलेली चाचणी वाचल्यापासून मुरडत नाही.

घरी करण्यासारखं : तासभर सलग बसू नका, उठा, दोन मिनिटं चाला. कोमट पाण्याच्या टबात १५-२० मिनिटं बसून दुखणं हलकं होत असेल तर ते स्नायूचं असण्याची शक्यता आणखी वाढते, आणि उपचारही तोच. बद्धकोष्ठ राहू देऊ नका. कॉफी, दारू, तिखट यांचा सगळ्यांना त्रास होतो असं नाही. दोन आठवडे बंद करा, मग एकेक सुरू करून बघा. ज्याने भडकेल तेवढंच सोडा. सगळंच सोडून बसलेला पेशंट आणखी चिडचिडा होतो.

बरं होणार का? बहुतेकांचं दुखणं पुष्कळ उतरतं, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत. मधे एखादी उचल येते. उचल आली म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं नसतं.

प्रश्न : यांचं वय ५८, दहा वर्षांपासून डायबेटिस. गेल्या आठवड्यात अचानक हुडहुडी भरून ताप आला, लघवीला आग आणि रात्री लघवी पूर्ण बंद. दवाखान्यात ॲडमिट केलं, बेंबीखाली छोटं छिद्र करून नळी टाकली, सलाईनमधून औषध दिलं. आता नळी निघाली, ताप नाही, घरी आहेत. चार आठवडे गोळ्या सांगितल्यात. पण तुमच्या गेल्या लेखात अँटिबायोटिक उगाच घेऊ नका असं वाचून हे पाच दिवसांतच बंद करू म्हणतायत. तुम्हीच सांगा यांना.

उत्तर : सांगते. साहेब, गोळ्या पूर्ण घ्या. वर ज्यांना थांबायला सांगितलं त्यांचा आजार वेगळा, तुमचा वेगळा. तुमच्या प्रोस्टेटमध्ये खरंच जंतू होते, बहुतेकदा आतड्यातला ई. कोलाय असतो, आणि या प्रकारात अँटिबायोटिक जीव वाचवतं.

चार आठवडे का, ते सांगते. एरवी रक्तातली बरीच औषधं प्रोस्टेटच्या आत नीट शिरत नाहीत. सूज जोरात असते तेव्हा ग्रंथीचा बांध सैल पडतो आणि औषध भराभर आत जातं, म्हणून तीन-चार दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटतं. सूज उतरते तसा बांध पुन्हा घट्ट होतो आणि कोपऱ्यात उरलेल्या जंतूंपर्यंत औषध हळूहळू पोचतं. अर्ध्यात सोडलेल्या पेशंटपैकी काहींचं पुढे जुनाट प्रकारात रूपांतर होतं. दर दोन-तीन महिन्यांनी तोच जंतू, तीच आग. ते निस्तरणं आताच्या चार आठवड्यांपेक्षा कितीतरी कटकटीचं.

पोटातून नळी टाकली ते योग्यच केलं. सुजलेल्या प्रोस्टेटमधून खालून नळी रेटण्यापेक्षा ते बरं. आता वहिनी, तुमच्यासाठी : साखर काबूत ठेवा, पण गोळ्या वर सांगितलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातल्या असतील तर त्यांनी साखर अचानक खालीही जाऊ शकते, म्हणून घरच्या मशीनवर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा. टाचेमागे दुखायला लागलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करा. ताप परत आला तर उद्यावर ढकलू नका. डायबेटिस असलेल्यांच्या प्रोस्टेटमध्ये पू साठण्याचा धोका जास्त असतो आणि तो गोळ्यांनी जात नाही, बाहेर काढावा लागतो. गोळ्या संपल्यावर आठवड्याने लघवीचं कल्चर करून घ्या.

इतर वाचकांनीही लक्षात ठेवावं. थंडी वाजून ताप, लघवीला आग, खाली ओटीपोटात ठणका, आणि लघवी थेंबथेंब किंवा बंद, हे एकत्र आलं की घरात पॅरासिटामॉल घेऊन वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघायचं. आणि अशा अवस्थेत कोणी प्रोस्टेटचा ‘मसाज’ करू पाहत असेल तर करू देऊ नका, जंतू रक्तात पसरू शकतात.

प्रश्न : मोबाईलवर एका व्हिडिओत प्रोस्टेटसाठी केगल व्यायाम सांगितलाय. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू रोज शंभर वेळा आवळायचे. महिनाभर केले, दुखणं उलट वाढलं. चुकीचं करतोय का?

उत्तर : व्यायाम कदाचित बरोबर करत असाल, तुमच्यासाठी तो चुकीचा आहे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळते त्यांना आवळायला शिकवतात. तुमचे स्नायू आधीच आवळलेत, त्यांना आणखी शंभर वेळा आवळून काय होणार? आधी सोडायला शिका.

पाठीवर झोपा, गुडघे दुमडून पाय जमिनीवर. एक हात छातीवर, एक बेंबीवर. नाकाने सावकाश चार आकडे मोजत श्वास घ्या. छातीवरचा हात स्थिर, पोटावरचा वर यायला हवा. श्वास भरत जातो तसा गुदद्वाराच्या आसपासचा भाग खाली सैल होतो, लघवीला सुरुवात होताना होतो तसा. पण कुंथायचं अजिबात नाही. जोर लावलात की खेळ संपला. मग सहा आकडे मोजत श्वास सोडा, आणि सोडताना खालचं काही आवळून घेऊ नका. पहिल्या आठवड्यात बहुतेक पुरुष म्हणतात, “मला खाली काहीच हललेलं कळत नाही.” कळेल. त्यांना हनुवटी आणि जबडा सैल सोडायला सांगते. दात आवळलेला माणूस सहसा खालीही आवळलेलाच असतो. सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा मिनिटं पुरे. दिवसभरात सिग्नलला थांबल्यावर, ईमेल लिहिताना, भांडताना, खाली आवळलंय का हे बघण्याची सवय लावा. सापडलं की सोडा. दुखणं पूर्ण बसल्यावर केगलचं बघू, तेही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली.

प्रश्न : बाबांचं वय ६४. लघवीच्या संसर्गामुळे ताप आलेला असतानाच लॅबच्या पॅकेजमध्ये पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) तपासला गेला आणि ११.४ आला. घरात सगळे कॅन्सरच्या भीतीने गळून गेलेत. लगेच बायोप्सी करायची का?

उत्तर : तापात पीएसए तपासायचाच नसतो. प्रोस्टेटला सूज आली, लघवी तुंबली, नळी टाकली, काहीही झालं की तो वर जातो. संसर्गाचा उपचार पूर्ण करा, त्यानंतर सहा ते आठ आठवडे थांबा आणि पुन्हा तपासा. तपासणीच्या आधीचे दोन दिवस सायकल आणि वीर्यस्खलन टाळावं. बाबा फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटसाठीच्या गोळ्या) घेत असतील तर लॅबला नव्हे, डॉक्टरांना सांगा, कारण या गोळ्यांनी आकडा निम्म्यावर येतो आणि वाचताना तो दुप्पट धरावा लागतो. सूज ताजी असताना एमआरआयदेखील फसवा येऊ शकतो.

आकडा खाली आला तर बायोप्सी टळली. नाही आला, तर मात्र ‘सुजेमुळेच असेल’ म्हणत वर्ष काढू नका. तेव्हा एमआरआय, आणि गरज पडली तर बायोप्सी. प्रोस्टेटची सूज आहे म्हणून कॅन्सर होणार असं नाही, आणि सूज आहे म्हणून कॅन्सर नसेलच असंही नाही.

प्रश्न : लग्नाला दोन वर्षं झाली. मला जुनाट प्रोस्टेटायटिस सांगितलाय. पत्नीला लागेल या भीतीने तीन महिने संबंध बंद आहेत. मूल व्हायला अडचण येईल का?

उत्तर : जंतू नसलेला जुनाट प्रकार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तीन महिने दोघांनी शिक्षा भोगलीत ती विनाकारण. अपवाद एकच : नळीतून स्राव येत असेल किंवा नव्या जोडीदाराशी असुरक्षित संबंध आले असतील तर गोनोरिया आणि क्लॅमिडियाची तपासणी, आणि निघालं तर दोघांनाही उपचार. वीर्यस्खलनाने प्रोस्टेट झिजते, ताकद जाते, यातलं काही खरं नाही. त्यानंतर दुखतं म्हणून भीती बसते, भीतीने स्नायू आवळतात आणि पुढच्या वेळी जास्त दुखतं. नंतर कोमट पाण्यात बसा, वर सांगितलेला श्वास करा. मुलाबद्दल : काहींच्या वीर्याच्या तपासणीत थोडाफार फरक दिसतो, पण बहुतेकांना अडचण येत नाही. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर दोघांनी तपासा. आणि हे पत्र पत्नीला दाखवा. तीन महिने तिने स्वतःबद्दल काय समजूत करून घेतली असेल कोण जाणे.

प्रश्न : वय २९. परवा वीर्यात रक्त दिसलं. दुखत नाही. मी हादरलोय.

उत्तर : चाळिशीच्या आतल्या पुरुषाला एखाद्या वेळी असं होणं बहुतेकदा निरुपद्रवी असतं. प्रोस्टेटच्या किंवा वीर्यकोशाच्या हलक्या सुजेनेही होतं आणि आपोआप थांबतं. पुढचे काही आठवडे रंग तपकिरी राहील, ते जुनं रक्त असतं. एकदा साधी लघवीची तपासणी आणि रक्तदाब बघून घ्या, लैंगिक संसर्गाची शक्यता असेल तर त्याचीही. वारंवार होऊ लागलं, लघवीतही रक्त आलं, किंवा हेच चाळिशीपुढच्या कोणाला झालं असेल, तर मात्र युरॉलॉजिस्टकडे जायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी सोबत न्या.